खांबावर चार तारा, घरात दोन

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शिरताना एकदा मान वर करून खांबावरच्या तारा मोजून बघा. चिनीमातीच्या मोठ्या इन्सुलेटरवरून जाणाऱ्या तारा तीनच असतात. ती अकरा हजारांची, म्हणजे ११ केव्हीची लाईन. ही लाईन डीपीपाशी, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरपाशी येते, डीपीतून खाली उतरून गल्लीत शिरते, तेव्हा तारा चार झालेल्या असतात. रस्त्यावरच्या दिव्यांची वेगळी धरली तर पाच. आणि साध्या घराच्या मीटरला त्यातल्या दोनच येतात. (हल्ली बऱ्याच गल्ल्यांत उघड्या तारांच्या जागी काळी पिळाची केबल आली आहे. तिथं मोजत बसू नका.)

वर तीन असताना खाली चार कुठून झाल्या आणि घरात दोनच का येतात, एवढं नीट कळलं तर उन्हाळ्यात लाईट डिम का होते, कारखान्यातली मोटर का जळते आणि एखाद्या रात्री गल्लीतले पाच-सहा टीव्ही एकदम का जातात, हे तिन्ही प्रश्न सुटतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लोक हमखास चुकवतात. "वरून हाय व्होल्टेज आलं" म्हणतात. बहुतेक वेळा वरून काहीही आलेलं नसतं. खालची चौथी तार, न्यूट्रल, कुठेतरी तुटलेली असते.

आधी व्होल्टेजचं बोलू. आपण बोलताना असं बोलतो की जणू व्होल्टेज तारेत भरलेलं असतं. खरं तर एकट्या तारेच्या व्होल्टेजला काही अर्थ नाही. तो दोन ठिकाणांमधला फरक आहे. घरात येणाऱ्या दोन तारांपैकी वीज आणणारी ती फेज, परत नेणारी ती न्यूट्रल; या दोघींमध्ये हा फरक २३० व्होल्टचा. डीपीपाशी न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो, त्यामुळे फेज आणि जमीन यांच्यातही जवळपास तेवढाच. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून फेजला हात लागला की झटका बसतो तो म्हणूनच. एक टोक हाताशी, दुसरं पायाखाली, मध्ये आपण.

हा फरक सतत उलटसुलट होत असतो, सेकंदाला ५० वेळा. २३० हा त्याचा कामापुरता धरलेला आकडा. क्षणभर तो ३२५ व्होल्टपर्यंत चढतो, मग शून्यावर येतो, मग तितकाच उलट्या बाजूला जातो. सेकंदाला १०० वेळा तो शून्यातून जातो. यातल्या ५० च्या आकड्यात सोलापूरचाही एक वाटा आहे आणि तो सोलापूरकरांनाच फारसा माहीत नसतो. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर ते सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन जोडली गेली आणि दक्षिणेकडच्या राज्यांचं वीजजाळं उरलेल्या देशाशी एकाच वारंवारतेवर चालू लागलं. तोवर ते स्वतंत्र फिरत होतं. फताटेवाडीच्या एनटीपीसी वीजकेंद्राचा उल्लेख सगळे करतात, पण या लाईनचं महत्त्व मला त्याहून मोठं वाटतं.

आता तीन तारा. वीजकेंद्रातल्या जनित्रात तारेची तीन वेटोळी एकमेकांपासून सारख्या अंतरावर बसवलेली असतात. फिरणारं चुंबक एकामागून एक तिघांसमोरून जातं, म्हणून तिघांतली वीज एकाच वेळी टोकाला पोचत नाही. पहिला फेज टोकाला असतो तेव्हा दुसरा आणि तिसरा उलट्या बाजूला अर्ध्यावर असतात. तीन बायका एका उखळात शेंगाचटणी कुटायला उभ्या राहिल्या की एकीचं मुसळ खाली येत असतं, दुसरीचं वर चाललेलं असतं, तिसरीचं मध्येच असतं. उखळावर घाव सलग पडत राहतात. एकटी कुटत असेल तर प्रत्येक घावानंतर उखळ थोडा वेळ रिकामं राहतं.

सिंगल फेजचं तसंच होतं. सेकंदाला १०० वेळा ताकद शून्यावर येते. बल्बला त्याचं काही नाही, पण मोटरला आहे. पंख्या-पंपासारखी सिंगल फेजची मोटर स्वतःहून सुरूच होऊ शकत नाही. तिला पहिला धक्का द्यायला कपॅसिटर लागतो. छताच्या पंख्याचा कपॅसिटर गेला की पंखा नुसता घुमतो आणि पातं काठीनं ढकललं की फिरू लागतो, तो याच कारणानं. थ्री फेज मोटरला ही भानगड नाही. तिच्यातलं चुंबकत्व आपोआप गोल फिरतं आणि रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, त्याच्यामागे ओढला जातो. तीनपैकी कुठल्याही दोन तारांची अदलाबदल केली की मोटर उलटी फिरते. डीपीवर काम होऊन लाईट परत आल्यावर गिरणी उलटी चालली किंवा बोअरला पाणी येतंय पण धार बारीक झाली, तर आधी हे तपासा. उलटी फिरणारी सबमर्सिबल पाणी देते, पण कमी देते. लोक बोअर आटला समजून हवालदिल होतात.

दोन फेजमधलं व्होल्टेज २३० ची दुप्पट, म्हणजे ४६० नसतं, कारण दोघं एकाच वेळी विरुद्ध टोकांना कधीच नसतात. हिशेबानं ते २३० गुणिले १.७३२, म्हणजे ४०० च्या आसपास येतं. जुन्या मोटरच्या पाटीवर ४१५ असतं, ते २४० व्होल्टच्या काळातलं गणित. डीपीच्या पाटीवर तर ११०००/४३३ असं लिहिलेलं दिसेल. हे मुद्दाम जास्त ठेवलेलं असतं, वाटेत तारांमध्ये थोडं व्होल्टेज पडणार हे धरून. ४३३ चं फेज-न्यूट्रल व्होल्टेज होतं २५०. म्हणून मध्यरात्री लोड उतरला की डीपीच्या शेजारच्या घरात मीटर २४५ ते २५० दाखवतो, आणि त्याच लाईनच्या टोकाला मे महिन्याच्या रात्री नऊ वाजता १९० मिळतात. १९० व्होल्टवर २००० वॅटचा गिझर जेमतेम १३६५ वॅटचं काम करतो. गिझरला त्यानं काही होत नाही, पाणी उशिरा तापतं इतकंच. फ्रीजच्या कॉम्प्रेसरचं मात्र उलटं होतं. व्होल्टेज पडलं की तो जास्त करंट ओढतो, तापतो आणि सुरू होताना अडकतो.

मधल्या काळात थ्री फेज कनेक्शन असलेल्या घरांनी एक युक्ती काढली. घरात फेज बदलायचा स्विच बसवायचा. तीन फेजना आर, वाय, बी म्हणतात; आर फेज डिम झाला की वायवर जायचं. युक्ती एका घरापुरती बरोबर आहे. पण संध्याकाळी सगळी गल्ली चांगल्या फेजवर उडी मारते आणि अर्ध्या तासात तोच फेज सगळ्यांत डिम होतो. मग सगळे तिसऱ्यावर. वायरमनला "अण्णा, आमचा फेज बदलून द्या की" असं गळ घालणाऱ्यांचंही तेच. लोड तीन फेजवर सारखा वाटलेला असावा, हे एकट्या घराला साधत नाही. ते डीपीवर बसून कुणीतरी करायचं काम आहे.

लोड सारखा असण्याचा आणखी एक परिणाम आहे आणि इथं चौथी तार येते. तिन्ही फेजवर अगदी सारखा लोड असेल तर परतीच्या वाटेवर तिघांचे करंट एकमेकांना पुरे कापतात. कुठल्याही क्षणी त्यांची बेरीज शून्य. परत न्यायला काही उरतच नाही. म्हणून ११ केव्हीच्या लाईनवर न्यूट्रल नसतो, तीन तारांत काम भागतं, आणि यंत्रमागाच्या थ्री फेज मोटरलाही न्यूट्रल लागत नाही. गल्लीत मात्र कुणाकडे एसी असतो, कुणाकडे दोन बल्ब. तिन्ही फेज सारखे कधीच नसतात. जो फरक उरतो तो परत डीपीपर्यंत न्यायला न्यूट्रल हवा. डीपीच्या आत तिन्ही वेटोळ्यांची एकेक बाजू एकत्र बांधतात. त्या गाठीतून निघालेली तार म्हणजे न्यूट्रल. वर तीन तारा होत्या, खाली चार झाल्या त्या तिथं. घराला एक फेज आणि न्यूट्रल दिला की २३० मिळाले, म्हणून घरात दोन.

न्यूट्रल तुटण्याकडे वळण्याआधी कारखान्याचं एक राहिलं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत मोटरी जळतात त्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे तीनपैकी एक फेज जाणं. थांबलेली मोटर दोन फेजवर सुरू होत नाही, नुसती घुमते. पण चालू असलेली मोटर एक फेज गेला तरी फिरत राहते, आणि घात तिथंच आहे. तोच माग ओढायला उरलेल्या वाइंडिंगमधून सुमारे पावणेदोन पट करंट जातो. पाच एचपीच्या मोटरला पूर्ण लोडवर साधारण साडेसात अँपिअर लागतात. ते तेराच्या घरात जातात. कारखान्यातले दिवे ज्या फेजवर असतील तोच गेला तर अंधार होतो आणि कळतं. दुसरा गेला तर दिवे लख्ख चालू राहतात, आणि मागांच्या खडखडाटात मोटरचं गुरगुरणं ऐकू येत नाही. कळतं ते वार्निशच्या जळक्या वासावरून. स्टार्टरमधली ओव्हरलोड रिले मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरवर लावलेली असेल तर ती वेळेवर सुटते. पण "सारखी ट्रिप होते" म्हणून कुणीतरी ती वर फिरवून ठेवलेली असते. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर हे छोटं यंत्र बसवलं तर तिन्ही फेज पूर्ण असल्याशिवाय मोटर चालूच राहत नाही.

आता न्यूट्रल तुटतो तेव्हा काय होतं ते आकड्यांत बघू. दोन घरं धरा. पहिलं आर फेजवर, तिथं २००० वॅटचा गिझर चालू. दुसरं वाय फेजवर, तिथं टीव्ही, पंखा, दिवे मिळून २०० वॅट. दोघांचे न्यूट्रल खांबावर एकत्र येऊन पुढं डीपीकडे जातात. डीपीकडे जाणारा तुकडा तुटला. दोघांचे न्यूट्रल एकमेकांना अजून जोडलेलेच आहेत, पण परतीची वाट बंद. मग करंट आर फेजमधून गिझरमध्ये, तिथून सामाईक न्यूट्रलवरून दुसऱ्या घरात, तिथल्या टीव्हीतून वाय फेजकडे जातो. दोन्ही घरं एकामागे एक जोडली गेली आणि दोघांवर मिळून ४०० व्होल्ट आले. हे ४०० सारखे वाटले जात नाहीत. ज्याचा अडथळा मोठा त्याच्या वाट्याला जास्त. गिझरच्या घराला ३६ व्होल्ट मिळतात, टीव्हीच्या घराला ३६४.

म्हणजे जास्त वीज वापरणाऱ्याचं काही बिघडत नाही, त्याचा गिझर नुसता गार पडतो. जळतं ते बिचाऱ्या दोन दिवे लावून बसलेल्याचं घर. तिसऱ्या फेजवरची घरं हिशेबात घेतली की आकडे बदलतात, पण प्रकार हाच. म्हणूनच अशा रात्री एका घरात दिवे प्रखर होऊन फुटतात आणि समोरच्या घरात त्याच वेळी ते लालसर होतात. दोघंही महावितरणला शिव्या देतात, एक "व्होल्टेज वाढवलं" म्हणून, दुसरा "व्होल्टेज येईना बे" म्हणून.

यात एमसीबी, म्हणजे करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच, का पडला नाही, हा पुढचा प्रश्न. एमसीबी करंट बघतो, व्होल्टेज नाही. वरच्या उदाहरणात करंट दीड अँपिअरसुद्धा नाही, त्याच्या दृष्टीनं सगळं ठीक. जमिनीत होणारी करंटची गळती पकडणाऱ्या आरसीसीबीलाही काही दिसत नाही, कारण फेजमधून गेला तेवढाच करंट न्यूट्रलमधून परत येतोय. यावर उपाय एकच, व्होल्टेज ठरावीक मर्यादेबाहेर गेलं की मेन तोडणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. आपल्याकडच्या लाईनी बघता एसी आणि फ्रीज असलेल्या प्रत्येक घरात तो असावा असं माझं मत आहे. फ्रीजसाठी वेगळा स्टॅबिलायझर घेण्याआधी तो घ्या.

न्यूट्रल गेल्याची एक खूण घरातच मिळते. लाईट नाही म्हणून तुम्ही टेस्टर घेऊन सॉकेट बघता आणि दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो. "दोन्हीकडे फेज येतोय" म्हणून लोक चक्रावतात. झालेलं असं असतं की तुमच्याच घराचा न्यूट्रल तुटलाय. कुठलातरी दिवा किंवा पंखा चालू राहिलाय, आणि त्याच्यातून येणारा फेज तुटलेल्या न्यूट्रलच्या तारेवर जाऊन बसलाय. सगळे स्विच बंद करून पुन्हा बघा, दुसरं भोक विझतं. अशा वेळी न्यूट्रल समजून कुठल्याही तारेला हात लावू नका. आणि दिवे एकदम प्रखर किंवा एकदम लालसर झाले तर विचार करत बसायचं नाही, मेन स्विच पाडायचा. मग महावितरणच्या १९१२ या नंबरला फोन. दुरुस्तीनंतर व्होल्टेज मोजल्याशिवाय फ्रीज-टीव्ही लावायचा नाही.

जुन्या पेठांतल्या वाड्यांत अजून चिनीमातीचे दोन किटकॅट फ्यूज शेजारी शेजारी दिसतात, एक फेजवर आणि एक न्यूट्रलवर. न्यूट्रलवरचा फ्यूज आधी गेला तर घरात अंधार होतो, पण प्रत्येक होल्डरमध्ये फेज उभाच असतो. बल्ब बदलायला चढलेल्या माणसाला वाटतं लाईटच नाही. न्यूट्रलवर एकटा फ्यूज नसावा, तिथं तांब्याची सलग लिंक असावी. तोडायचंच तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तुटतील असा मेन स्विच.

याहून वाईट म्हणजे न्यूट्रल सापडत नाही म्हणून अर्थिंगवरून न्यूट्रल घेणं, किंवा सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकाच तुकड्यानं जोडून "अर्थिंग दिलं" म्हणणं. पहिल्यात घरातला करंट जमिनीत जातो आणि फ्रीज, मिक्सर, कूलर यांच्या पत्र्यावर व्होल्टेज चढतं. दुसऱ्यात न्यूट्रल तुटला त्या क्षणी यंत्राचा पत्रा थेट फेज होतो. न्यूट्रलचं काम रोज करंट परत नेणं. अर्थच्या तारेत एरवी काहीच वाहायला नको. दोष झाल्यावरच तिचं काम सुरू होतं. दोघं डीपीपाशी भेटतात, पण म्हणून घरात भेटवायचे नाहीत.

आणि नुसत्या अर्थिंगवर विसंबू नका. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, मीठ-कोळशाचा खड्डा कोरडा पडतो आणि त्याचा अडथळा वाढतो. समजा तो २० ओहम झाला. कूलरच्या पत्र्याला फेज चिकटला तर अर्थमधून साडेअकरा अँपिअर जातील. १६ अँपिअरचा एमसीबी त्यावर कधीच पडणार नाही आणि पत्रा तसाच जिवंत राहील. लोखंडी कूलर, खाली पाणी, मूल अनवाणी. दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात त्या याच्याच. काही कूलरच्या वायरीला तर पिनाच दोन असतात. तिसरी, जाड आणि लांब पिन मुद्दाम लांब केलेली असते, सॉकेटमध्ये ती सगळ्यात आधी लागावी आणि सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून.

यासाठी आरसीसीबी. तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट सतत ताडून बघतो. ३० मिलीअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा करंट कुठून तरी जमिनीत गेला, की क्षणात तोडतो. त्यावरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं. दाबूनही पडला नाही तर तो बदलायचा.

एमसीबीबद्दल थोडक्यात. तो यंत्राला नव्हे, भिंतीतल्या वायरीला वाचवायला असतो. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीवर दिवे-पंखे आणि ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी, अडीचवर पॉवर सॉकेट आणि १६ चा, एसी-गिझरला चारची वायर आणि २० चा, असा साधारण मेळ. नवा एसी घेतल्यावर एमसीबी पडू लागला म्हणून जुन्याच अडीचच्या वायरीवर ३२ चा बसवून देणारे कारागीर आहेत. त्यानंतर एमसीबी पडत नाही. वायर भिंतीत तापत राहते.

आरसीसीबी वारंवार पडत असेल तर तो काढून टाकायचा नसतो. सगळे एमसीबी खाली पाडा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवत जा. ज्यावर तो पुन्हा पडतो त्या लाईनीत दोष आहे; त्या लाईनीवरची सगळी यंत्रं पिना काढून बाजूला करा आणि एकेक लावून बघा. एप्रिलमध्ये हा शोध बहुतेक वेळा कूलरच्या पाण्याच्या पंपापाशी संपतो. आणि सगळे एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी वर राहत नसेल तर बहुधा न्यूट्रल आणि अर्थ कुठेतरी एकमेकांना लागलेत. साधा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. वायरमनला फोन करताना एवढं सांगितलंत तर तो येऊन आधी सॉकेटांचे बोर्ड उघडेल.